पंधरा वर्षांची गाडी: स्क्रॅपला द्यावी की परत पासिंग करावं?

इंदिरानगरकर

मंडळी, सल्ला हवाय. बाबांच्या नावावर एक पेट्रोल हॅचबॅक आहे, डिसेंबर 2010 चं एमएच-15 पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे चाळीस प्रतिसाद त्यावरच जातील. येत्या डिसेंबरात आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, संपतेय.

दसऱ्याला शेजारी नवी गाडी आली. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून आमच्या गल्लीतली ही तिसरी. त्या दिवसापासून घरात विषय पेटलाय. बायकोचं म्हणणं, जुनी काढा. मुलाचं म्हणणं, जुनी भंगारात दिली की नवीवर सरकार पैसे देतं, मग थांबलोय कशाला. बाबा काही बोलत नाहीत. फक्त रविवारी गाडी धुवायला हल्ली जरा जास्त वेळ लावतात.

शोरूमला जाऊन आलो. तिथल्या मुलाने कागदावर लिहून दिलेलं गणित सांगतो. नवी गाडी एक्स-शोरूम 6 लाख धरा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे 11 टक्के वाहन कर, म्हणजे 66 हजार. जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट असेल तर त्या करात 15 टक्के सूट. झाले 9,900. (आमच्या चिरंजीवांनी 6 लाखांचे 15 टक्के काढले होते, 90 हजार. दोन दिवस मजेत होता.) रजिस्ट्रेशन फी माफ, 600 रुपये. कंपनीकडून दीड टक्का, 9 हजार. आणि भंगाराचे पैसे, केंद्राला फोन केला तर 'अठरा-वीस हजार धरा, नक्की वजनावर'. सगळी गोळाबेरीज 38-39 हजार.

आता गंमत बघा. पाथर्डी फाट्याकडे जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या एकाने गाडी न उघडता 55 हजार सांगितले. रोख.

मग ही योजना नक्की कोणासाठी आहे? माझं काही चुकतंय का?

---

दहाबाराचा पाना

काका, आकडे नंतर. आधी गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. पंधरा वर्षांच्या गाडीचं इंजिन कोणी बघत नाही, ते चालतंच. पत्रा बघा. पुढच्या दोन्ही सीटखालचं कार्पेट उचला, हात लावा, ओलं लागतंय का. साईड सिल, म्हणजे दाराखालची पट्टी, अंगठ्याने दाबून बघा. मागचा सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतो तिथे गंजाचे पापुद्रे आलेत का ते बघा. पत्रा चांगला असेल तर पासिंग करा आणि पाच वर्षं विसरून जा. पत्रा गेला असेल तर एजंटच्या 55 हजारांचा पण भरवसा धरू नका, गाडी बघितली की तो तीसवर येतो.

सातपूरला बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगितलं.

---

जयभोलेनाथ

पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात. पंपावर पेट्रोलच देणार नाहीत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय. आत्ताच विकून मोकळे व्हा.

---

आकडेमोड

तो व्हिडिओ दिल्लीचा आहे, भाऊ. दिल्ली आणि आसपासच्या भागात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने बंदी आली. 2025 मध्ये 1 जुलैपासून दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन द्यायचं नाही असं ठरलं, बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत ते थांबवावंही लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या वयावरून मालकांवर कारवाई करू नका म्हणून सांगितलं. यातलं काहीही नाशिकला लागू नाही.

पंधरा वर्षं झाली की गाडी रद्दच, हे फक्त सरकारी गाड्यांसाठी आहे. 1 एप्रिल 2023 पासून त्यांची नोंदणी पुढे वाढत नाही. तुमच्या-आमच्या खासगी गाडीचं पासिंग पाच-पाच वर्षांनी होतं, फक्त महाग केलंय. एप्रिल 2022 च्या आधी कारच्या नूतनीकरणाला 600 लागायचे, आता 5,000. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, पेट्रोल कारला पाच वर्षांचे 3,000, डिझेलला 3,500. आणि 2025 च्या ऑगस्टपासून गाडी वीस वर्षांवर गेली की नूतनीकरण 10,000. म्हणजे इंदिरानगरकरांना आत्ता साधारण 8,000 आणि किरकोळ खर्च. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली का?

---

इंदिरानगरकर

हो ना, तेच दुखतंय. 745 अधिक जीएसटी, 879 रुपये भरून मे महिन्यात प्लेट बसवली. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले होते.

---

आकडेमोड

असो. आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जरा लांब होईल.

तुम्ही विचारलंत योजना कोणासाठी. 2021 च्या बजेटमध्ये ती जाहीर झाली, 13 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी सुरू केली. केंद्र सरकारने सांगितलं की जुनी खासगी गाडी स्क्रॅप करून नवी घेणाऱ्याला राज्यांनी वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, व्यावसायिक गाडीला 15 पर्यंत. 'पर्यंत' हा त्यातला कळीचा शब्द. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या 4 ते 6 टक्के मिळेल आणि कंपन्या 5 टक्के सूट देतील असंही तेव्हा सांगितलं होतं. कंपन्यांना तो सल्ला होता, सक्ती नव्हती. त्यांनी तीन वर्षं कानावर हात ठेवले. ऑगस्ट 2024 मध्ये गडकरींनी बैठक घेतल्यावर कार कंपन्या तयार झाल्या, तेही एक्स-शोरूमच्या दीड टक्का किंवा 20 हजार, यातलं जे कमी असेल ते. शिवाय एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅप सूट दोन्ही द्यायलाच हव्यात असं नाही, एकच दिली तरी चालते. शोरूममध्ये हा प्रश्न तोंडावर विचारा, बघा काय उत्तर येतं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्यात कुठेही नव्या गाडीचं ॲव्हरेज कोणी विचारत नाही! तुम्ही लिटरला 12 देणारी छोटी गाडी मोडलीत आणि 25 लाखांची पेट्रोल एसयूव्ही आणलीत, शहरात 9 देणारी, तरी सूट मिळतेच. नुसती मिळत नाही, जास्त मिळते. 25 लाखांवर 13 टक्के कर, म्हणजे सव्वातीन लाख, त्याचे 15 टक्के 48,750. तुम्ही 6 लाखांची काटकसरी गाडी घेतलीत तर 9,900. सूट कराच्या टक्क्यात बांधली की असंच होणार. सीएनजी घेतलीत तर त्याचा करच कमी, म्हणून सूट त्याहून कमी. इंधन वाचवणाऱ्याला बक्षीस द्यायचं असतं तर उलटं असायला हवं होतं की नाही?

---

पूर्वाश्रमीची पंचवटीकर

आकडेमोड यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून लिहायचा मोह झाला. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये होतो, 2009 साली. मंदीने त्या राज्याची दैना झाली होती. तेव्हा अमेरिकेच्या सरकारने जुनी पेट्रोल पिणारी गाडी आणा आणि नवी घ्या अशी योजना काढली होती. लोक तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हणायचे, क्लंकर म्हणजे खडखडणारं धूड.

तिथे ॲव्हरेज हीच अट होती. जुनी गाडी गॅलनला 18 मैल किंवा कमी देणारी हवी, नवी कार किमान 22 देणारी. फरक किती त्यावर 3,500 किंवा 4,500 डॉलर, थेट डीलरच्या बिलातून वजा. गाडी चालू स्थितीतली हवी, 25 वर्षांच्या आतली हवी आणि मागचं एक वर्ष तुमच्याच नावावर विमा असलेली हवी. नाहीतर लोकांनी शेतात सडणारी धुडं उचलून आणली असती.

एक अब्ज डॉलर ठेवले होते ते आठवड्याभरात उडाले. आणखी दोन अब्ज घातले. जुलै-ऑगस्ट मिळून पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. सरासरी 15.8 वरून 24.9 मैलांवर गेली, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला पावणेसात वरून साडेदहा. (हसू नका, तिथे मोठी मजल होती ती.)

मला आठवतं ते वेगळंच. नवऱ्याचा मित्र एका डीलरकडे मेकॅनिक होता, त्याने दाखवायला नेलं होतं. जमा झालेल्या गाडीचं इंजिन तिथेच मारायचं असा नियम होता, म्हणजे ती परत रस्त्यावर यायला नको. आधी ऑइल काढायचं. मग सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं, दोन-एक लिटर, दिसायला पाण्यासारखं. गाडी चालू करून रेस द्यायची. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग आवाज जाडा होतो, पांढरा वाफेसारखा धूर, आणि एकदम एक झटका बसून बंद. आतल्या उष्णतेने त्या द्रावणाची काच होते आणि सगळं धरून बसतं. समोर होती ती एक धडधाकट पिकअप. मेकॅनिक म्हणाला, हिच्यात अजून एक लाख मैल होते. माझ्या सासूबाई सोबत होत्या, त्यांनी हात जोडले. खरंच जोडले.

नंतर अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले. त्या दोन महिन्यांत ज्या जास्तीच्या गाड्या विकल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक पुढच्या सात-दहा महिन्यांत तशाही विकल्या गेल्याच असत्या, असं मियां आणि सूफी यांच्या अभ्यासात निघालं. लोकांनी फक्त तारीख अलीकडे आणली.

---

दहाबाराचा पाना

ताई, चालू इंजिन मारायचं? वाचूनच पोटात गोळा आला.

---

गोदाकाठ

जर्मनीतही त्याच वर्षी होतं हे. नऊ वर्षांवरची गाडी मोडा, 2,500 युरो घ्या. पाच अब्ज युरो घातले आणि जवळपास वीस लाख गाड्या गेल्या. तिथे मात्र ॲव्हरेजची अट नव्हती, नवी गाडी युरो 4 (तिकडचा धुराचा निकष) असली की झालं. म्हणजे आपली योजना जर्मनांच्या वळणावर गेली म्हणायची, फक्त पैसे सोडून.

पण मला सांगायचंय ते भंगाराबद्दल. कोणीही कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला अख्खी गाडी देऊ नका. आमची स्कूटर मी 2018 ला दिली होती. 2,200 रुपये मिळाले, मी खूश. आरसी घरीच राहिली, रद्द केली नाही. कोणी करतं का? तीन वर्षांनी मोबाईलवर चलान आलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं, ट्रिपल सीट. फोटोत माझाच नंबर, खाली मोटरसायकल! तीन हेलपाटे झाले ते निस्तरायला. एक तर पेठ रोडला आरटीओत, दोन पोलिसांकडे.

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार आठवत असेल जुन्या लोकांना, 2017 ला महापालिकेने उठवला तो. तिथे गाडी दिली की संध्याकाळपर्यंत दरवाजे एका दुकानात, गिअरबॉक्स दुसऱ्या. स्वस्तात पार्ट मिळायचे हे खरं, मीही घेतलेत. पण काळं ऑइल जमिनीत, बॅटरीचं ॲसिड गटारीत. नोंदणीकृत केंद्रात निदान ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी आधी वेगळी काढून घेतात आणि मग कापतात. चासी नंबरचा तुकडा कापून जपून ठेवावा लागतो त्यांना. आणि आरसी रद्द होते, हे सगळ्यात महत्त्वाचं.

---

सिन्नर अपडाऊन

मी वेगळ्या बाजूने सांगतो. गाडी स्क्रॅप करायची की नाही हे सूट किती यावर ठरवू नका, महिन्याला किती फिरते यावर ठरवा. मी रोज सिन्नरला मुसळगावला जातो, येऊन-जाऊन साठ किमी. महिन्याला पंधराशे. माझी जुनी बारा द्यायची, म्हणजे 125 लिटर. आता अठराची आहे, 83 लिटर. महिन्याला चार हजारांच्या वर वाचतात. वर्षाचे पन्नास हजार. माझा हप्ता त्यातून निम्मा निघतो. तुमची किती फिरते?

---

इंदिरानगरकर

खरं सांगायचं तर लाज वाटेल. बाबांचा भाजीबाजार, महिन्यातून एकदा त्र्यंबकला, कधीतरी देवळालीला आत्याकडे. महिना 350 किमी.

---

सिन्नर अपडाऊन

मग वर्षाला 4,200 किमी. बाराने 350 लिटर, अठराने 233. फरक 117 लिटर, 104 रुपयांनी बारा हजार. सहा लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाचं व्याज 39 हजार येतं. बारा हजारांचं पेट्रोल वाचवायला 39 हजार घालवायचे? हौस म्हणून घ्या, जरूर घ्या. बचत म्हणू नका.

---

हिरवळ

पैशाचं झालं, धुराचं काय? पंधरा वर्षांपूर्वीची गाडी आणि बीएस 6 (आताचा धुराचा निकष) गाडी यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

आकडेमोड

मान्य. पण महिन्याला 350 किमी चालणाऱ्या गाडीचा धूर तो किती? आणि इंदिरानगरकरांनी ती 55 हजारांना विकली तर ती जाणार कुठे? पेठ, सुरगाणा नाहीतर धुळ्याकडे. इथे भाजी आणणारी गाडी तिथे रोज आठ माणसं कोंबून ऐंशी किमी धावेल. धूर नाशिकमधून गेला, महाराष्ट्रातून नाही. बाजारात चालू गाडीला भंगारापेक्षा जास्त भाव मिळतो तोवर चालू गाडी स्क्रॅपला कोणीच देणार नाही. जातात त्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या. त्या तशाही धूर करत नव्हत्या.

---

कोरा कप चहा

ईव्ही का नाही घेत कोणी? महाराष्ट्राने एप्रिल 2025 मध्ये नवं धोरण मंजूर केलंय, 2030 पर्यंतचं. वाहन कर माफ, रजिस्ट्रेशन फी माफ. समृद्धी, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे धोरणात. जीएसटी 5 टक्के. स्क्रॅपच्या नऊ हजार नऊशेच्या मागे लागण्यापेक्षा अख्खा करच वाचतो की.

---

सीएनजीच्या रांगेत

माझ्या नावातच उत्तर आहे. मी सकाळी साडेसहाला रांगेत असतो. ईव्ही घेईन, पण आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगला पॉइंट घ्यायचा म्हटलं तर सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्यात. अजून 'लाईट बिल कोण भरणार' यावरच अडलंय.

---

जुनं ते जुनंच

त्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं कोणी बोललं नाही. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. माझं ॲव्हरेज चौदावरून साडेबारावर आलंय.

---

दहाबाराचा पाना

पेट्रोलियम मंत्रालय म्हणतं जुन्या गाड्यांत तीन ते सहा टक्के फरक. गिऱ्हाईक म्हणतं पंधरा. खरं कुठेतरी मधे असेल, टायरची हवा आणि एअर फिल्टर बघितल्याशिवाय मी बोलत नाही. पण रबराचे पाइप, ओ-रिंग, सील हे जुन्या गाड्यांत लवकर कडक होतात, हे माझ्याकडे बदलून जाणाऱ्या पार्टवरून दिसतंय. पेट्रोलचा वास येत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

इंदिरानगरकर, रॅम्पचं काय झालं? दिवाळी झाली आता.

---

इंदिरानगरकर

झालं. सांगतो.

पाडव्यानंतर गाडी एका गॅरेजला नेली. बाबाही आले, पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन. मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचललं, खाली काळपट ओल. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अगदी हलक्या हाताने, पेन टेकवावं तसा टेकवला. आरपार गेला. खालून उजेड दिसला. तो म्हणाला, "2016 च्या पुरात गोदाकाठी उभी होती का, की कोकणात होती?" पहिली चार वर्षं गाडी दादाकडे अलिबागला होती. त्याने न सांगता ओळखलं!

दोन्ही सिल गेलेत. मागच्या सस्पेन्शनचा जोड पण पोखरलाय. पत्रा मारून वेल्डिंग करायचे 28 ते 30 हजार सांगितले आणि वर म्हणाला, "काका, करून देईन, पण यात नातवंडं बसवू नका." बाबांनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली.

पाथर्डी फाट्यावाल्याला खरं सांगितलं. तो 30 वर आला आणि म्हणाला, "कार्पेट परत नीट बसवून ठेवा, गिऱ्हाईक उचलत नाही." तिथेच माझं ठरलं. पाना, तुमचा आकडा तंतोतंत निघाला.

तेव्हा गाडी स्क्रॅपला. पण ते वाटतं तितकं सरळ नाही, पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतो.

वाहन पोर्टलवर अर्ज केला तर अडला. आरसीवर बँकेचा बोजा! कर्ज 2014 ला फिटलंय, नो ड्यूजचं पत्र बाबांच्या फाईलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पण आरसीवरची एचपी (हीच ती कर्जाची नोंद) कोणी उतरवलीच नव्हती. बँकेत गेलो तर ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली इतकं जुनं खातं सिस्टिममध्ये दिसत नाही. मग दिसेना तर कर्ज तरी कशावरून होतं, असं मी म्हणालो. ते तिला आवडलं नाही. चार खेपा, अकरा दिवस, मग फॉर्म 35 वर सही-शिक्का मिळाला. पेठ रोडला जाऊन एचपी उतरवली.

मग ओटीपी. बाबांच्या आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो आईचा होता. आई जाऊन सहा वर्षं झाली, नंबर बंद. तो बदलायला आधार केंद्र, आणखी एक सकाळ. एक जुनं चलान निघालं, त्र्यंबक रोडचं. सीटबेल्ट. बाबा म्हणाले दादाने चालवली असेल. दादा म्हणाला बाबांनी.

---

गोदाकाठ

एचपीचं सगळ्यांनी आजच तपासा. कर्ज फिटलं की बँक फक्त पत्र देते, आरसीवरून नाव काढायचं काम आपलंच असतं. आमच्या सोसायटीत परवा बघितलं तर सहा जणांचं राहिलेलं.

---

पूर्वाश्रमीची पंचवटीकर

मग नवी कोणती ठरली?

---

इंदिरानगरकर

कोणतीच नाही. सिन्नर अपडाऊन यांचं व्याजाचं गणित बायकोला दाखवलं. तिने ते फ्रिजवर लावलंय. बाबांना त्र्यंबकला जायला महिन्यातून एकदा गाडी सांगायची, भाजीला रिक्षा. वर्षभर करून बघू.

सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट हातात आहे, त्यावर मुदत लिहिलीय. आणि दुसऱ्याच्या नावावर ऑनलाइन हस्तांतर करता येतं असं केंद्र सरकारच्या नियमात आहे. ओझरच्या मेव्हण्याला गाडी घ्यायचीच आहे, त्याच्या उपयोगी पडेल का ते बघतोय. तो म्हणतो 9,900 मधले निम्मे दे. सर्टिफिकेट माझं, आणि निम्मे त्याला मी द्यायचे!

---

आकडेमोड

मेव्हणा कोणती गाडी घेतोय?

---

इंदिरानगरकर

मोठी. विचारू नका.

---

आकडेमोड

😀 मग सूट 9,900 नाही, जास्त बसेल. बघा, म्हणालो नव्हतो?

---

सातपूरची सून

दादा, गाडी न्यायला कोण आलं? पैसे लगेच मिळतात का? आमची पण 2009 ची उभी आहे, बॅटरी मेलीय, चाकं बसलीत. ढकलत न्यायला लागेल का?

---

इंदिरानगरकर

नाही ताई, ते स्वतः टोइंगची गाडी पाठवतात, बंद गाडी पण नेतात. पण ठरवतानाच विचारून घ्या की नेण्याचा खर्च भंगाराच्या पैशातून कापणार का. आम्हाला फोनवर 'फ्री' सांगितलं होतं, हिशेबाच्या वेळी 1,500 वजा करायला निघाले. व्हॉट्सॲपवरचा त्यांचाच मेसेज दाखवला तेव्हा सोडले. पैसे बाबांच्या खात्यात तिसऱ्या दिवशी आले, रोख देत नाहीत. आरसीची मूळ प्रत, चेकची झेरॉक्स, पॅन, आधार लागलं. गाडीतलं सगळं आधी काढून घ्या. फास्टॅग काढून बंद करा, विमा रद्द करा. आमच्या विम्याचे चार महिने शिल्लक होते, थोडे परत आले.

मंगळवारी सकाळी दोन मुलं आली. बाबांनी डॅशबोर्डवरचा गणपती काढला, खालचा गम काही निघेना, नखाने खरवडत बसले. मागच्या डिकीत आईची घडीची छत्री सापडली. एका मुलाने चासी नंबर टॉर्च मारून वाचला, दुसऱ्याने फोटो काढले. चावी मागितली तेव्हा बाबांनी किचेन काढून घेतलं आणि चावी दिली, मग हाक मारून दुसरी, स्पेअर चावीही दिली. "पंधरा वर्षांत लागली नाही," म्हणाले.

काल केंद्रातून पावती आली. वजन 812 किलो, दर 22 रुपये, 17,864. मी मोठ्याने वाचून दाखवली. बाबांनी चष्मा लावून पावती हातात घेतली, दोनदा वाचली.

"स्टेपनी धरून?" म्हणाले.